बर्चचे पाय गार ठेवा : घराच्या अंगणात बर्च लावण्याची आणि जगवण्याची रीत

जुलै लागला की ओळखीपाळखीतून फोटो यायला लागतात. समोरच्या लॉनच्या मधोमध लावलेलं बर्च, शेंड्याच्या फांद्या वाळलेल्या, खालची पानं अजून हिरवी, आणि बुंध्याशी लाल मल्चचा, म्हणजे लाकडाच्या तुकड्यांच्या आच्छादनाचा, ढीग. खाली प्रश्न ठरलेला असतो : "पाणी तर रोज देतोय, मग वाळतंय कशानं?" न्यू जर्सीतल्या एडिसनपासून शिकागोच्या उपनगरांपर्यंत इतक्या घरांतून हा प्रश्न आलाय की आता सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते.

बहुतेक वेळा झाड त्या जुलैत मरायला लागलेलं नसतं. चूक तीन-चार वर्षांपूर्वी, लावतानाच झालेली असते. बर्च हे थंड रानातलं किंवा नदीकाठचं झाड. त्याची कामाची मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीतच पसरतात. त्याच्या पानांना ऊन हवं असतं, पण मुळांना तापलेली, कोरडी माती सोसत नाही. शेंडा उन्हात आणि पाय गारव्यात, अशी ही मागणी आहे. आपलं मोकळं लॉन नेमकं उलटं देतं. खाली दिलेला प्रत्येक टप्पा पाय गार ठेवण्यासाठीच आहे, म्हणून क्रम मोडू नका.

हा लेख अमेरिकेतल्या थंड हिवाळ्याच्या भागांसाठी आहे : न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, मिशिगन आणि आसपास. तारखा मध्य न्यू जर्सीच्या धरल्या आहेत. उत्तरेला राहत असाल तर वसंतातली कामं दोन-तीन आठवडे पुढे ढकला. पुण्या-नाशिकहून विचारणाऱ्यांना मात्र स्पष्टच सांगते, तिथे हे झाड लावू नका. आपलं भूर्जपत्र ज्याच्या सालीचं, तो भूर्जसुद्धा हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर वाढतो. ऑनलाइन मिळणाऱ्या बियांच्या पुड्यांवर पैसे घालवू नका.

टप्पा १ : आधी जागा

झाड आणायच्या आधीच्या उन्हाळ्यात, जूनमधल्या एखाद्या शनिवारी, तीन वेळा अंगणात जा : सकाळी नऊला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला. प्रत्येक वेळी मोबाइलवर फोटो काढा. सकाळचं आणि दुपारपर्यंतचं ऊन मिळून पाच-सहा तास भरतं, पण दुपारनंतर घराची सावली जमिनीवर येते, अशी जागा शोधायची आहे. ती बहुधा घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला सापडते. उत्तरेला लावताना झाड घरापासून इतकं लांब हवं की शेंडा सावलीबाहेर राहील.

या जागा टाळा : नैर्ऋत्येचा कोपरा, ड्राइव्हवेची कड, उताराचा माथा, आणि घराच्या पायाला लागून असलेली पट्टी. ड्राइव्हवेचं डांबर उन्हाळ्यात तापतं आणि हिवाळ्यात त्यावर मीठ पडतं. पायाजवळच्या मातीत काँक्रीटमधला चुना उतरतो, आणि बर्चला चुनखडीची माती मानवत नाही.

अंतराचं म्हणाल तर मोठ्या वाढणाऱ्या बर्चसाठी घरापासून २० फूट सोडा. सांडपाण्याची पाइपलाइन, सेप्टिक टाकीचं पाणी जिथे मुरतं ती जागा आणि वरच्या विजेच्या तारा यांपासूनही तेवढंच लांब राहा. गाडी उभी राहते त्या जागेवर फांद्या येणार असतील तर जागा बदला. वसंतात तुरे गळतात, वर्षभर काटक्या पडतात, आणि मावा आला की चिकट थेंब थेट गाडीच्या काचेवर येतात.

जागा ठरली की माती तपासून घ्या. काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसमधून, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या कचेरीतून, माती परीक्षणाची सोय होते. अहवालात फक्त एक आकडा आधी बघा, पीएच, म्हणजे मातीचा आम्लपणा (आकडा जितका कमी, तितकी माती आम्ल). तो ५ ते ६.५ च्या दरम्यान असेल तर पुढे जा. ७ च्या वर असेल तर या जागेसाठी दुसरं झाड निवडा. गंधक घालून पीएच उतरवता येतो, पण ते काम महिनोन्महिने चालतं आणि माती पुन्हा मूळ पदावर येत राहते. डॅलसकडच्या चुनखडीच्या चिकणमातीत राहणाऱ्यांनी बर्चचा नाद सोडलेलाच बरा. पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिलेली झाडं तिथे नेहमी दिसतात. त्यांना लोह मिळत नसतं, आणि याचं मूळ त्या मातीतच आहे.

सावधान : खणायच्या निदान तीन-चार कामाच्या दिवसांआधी ८११ ला फोन करा. सेवा फुकट आहे. ते येऊन गॅस, वीज, केबल यांच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून जातात. आणि सोसायटीची म्हणजे एचओएची परवानगी लागत असेल तर ती लेखी घ्या.

टप्पा २ : कोणतं बर्च

इथे मन पांढऱ्या सालीकडे ओढतं आणि तिथेच घोटाळा होतो.

दुकानात सर्वांत पांढरी दिसतात ती युरोपियन व्हाइट बर्च आणि हिमालयन जॅकमाँटी. दोन्हींवर ब्राँझ बर्च बोरर हा खोडकिडा तुटून पडतो. हा किडा उत्तर अमेरिकेतलाच आहे, त्यामुळे इथल्या बर्चमध्ये त्याच्याशी झुंजायची थोडीफार ताकद आहे, बाहेरून आलेल्यांमध्ये जवळजवळ नाही. ही दोन झाडं घेऊ नका, सेलमध्ये निम्म्या किमतीत असली तरी.

पेपर बर्च इथलंच, सालही पांढरीशुभ्र, पण ते थंडीचं झाड आहे. उत्तर मिनेसोटा, मिशिगनचा वरचा भाग, व्हरमाँट, मेन, कॅनडा इथे ते सुखी असतं. मध्य न्यू जर्सीचा उन्हाळा त्याला थकवतो, आणि थकलेल्या झाडावर किडा येतोच.

म्हणून आपल्यापैकी बहुतेकांसाठी उत्तर एकच, रिव्हर बर्च. यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, हिवाळ्यातल्या थंडीच्या नकाशातल्या ४ ते ९ या पट्ट्यांत ते वाढतं, उष्मा सोसतं, ओल सोसतं, आणि खोडकिड्याला दाद देत नाही. त्याची साल पांढरी नसते. ती फिकट गुलाबी-बदामी असते आणि पापुद्र्यांनी सुटत राहते. 'हेरिटेज' या वाणाची साल त्यातल्या त्यात उजळ. पूर्ण वाढीचं झाड ४० ते ७० फूट उंच आणि जवळपास तेवढंच रुंद होतं, हे विकत घेताना डोळ्यांसमोर आणा. टाउनहाउसच्या लहान अंगणाला 'फॉक्स व्हॅली' हा बुटका वाण बरा. नर्सरीत तो 'लिटल किंग' नावानेही मिळतो आणि साधारण १०-१२ फुटांवर थांबतो.

टप्पा ३ : नर्सरीत झाड निवडताना

लहान झाड घ्या. दोन इंच जाडीचं झाड साधारण दोन वर्षांत रुजतं, चार इंचांच्या झाडाला चार वर्षं लागतात. जाडीच्या इंचाला एक वर्ष, असा हा ढोबळ हिशोब आहे. रुजेपर्यंतची सगळी वर्षं तुमच्या पाण्यावर असतात, म्हणून १० किंवा १५ गॅलनच्या कुंडीतलं झाड बघा. पैसेही वाचतात.

पानांकडे सगळेच बघतात, तुम्ही बुंध्याकडे बघा. खोड जमिनीशी येताना पायघोळासारखं पसरतं आणि मुळांना मिळतं. त्या पसरलेल्या भागाला इथे रूट फ्लेअर म्हणतात, मी पुढे त्याला पसार म्हणेन. कुंडीत खोड खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसलं तर बोटांनी माती बाजूला करत खाली जा. एक-दोन इंचांत पसार लागला तर ठीक. चार इंच उकरूनही लागला नाही तर ते झाड ठेवून द्या.

माझं पहिलं बर्च चौथ्या वर्षी गेलं तेव्हा मी ते मुळासकट उकरून काढलं. लॉनची कामं करणाऱ्या एका कंत्राटदाराने लावून दिलेलं होतं. पसार जमिनीखाली पाच इंचांवर निघाला. करंगळीएवढं एक मूळ कुंडीच्या आकारात गोल फिरून खोडाभोवती आवळलं होतं. ते कापून काढलं तर खोडावर दोरीने करकचून बांधल्यासारखी खाच होती. शेवटच्या वर्षी त्या झाडाला मी पाणी दिलं, खत दिलं, आणि फास तसाच आवळत राहिला. तेव्हापासून माती उकरून बघितल्याशिवाय मी झाड गाडीत घालत नाही.

तीन खोडांचा झुबका हवा असेल तर तिन्ही खोडं बुंध्याशी एकमेकांपासून सुटी झुकलेली बघा. अगदी चिकटून उभी असतील तर जाड झाल्यावर एकमेकांना रेटतात आणि बर्फाच्या ओझ्याने फाटतात.

तपासणी : कुंडीच्या खालच्या भोकांतून मुळांचा गुंता बाहेर आलाय का? खोडावर खरचटलेली, दबलेली जागा आहे का? दोन्हींपैकी एक जरी असेल तरी दुसरं झाड बघा.

टप्पा ४ : लावणी

वेळ एप्रिल ते मेचा मध्य. कुंडीतलं झाड सप्टेंबरच्या सुरुवातीलाही चालतं. मातीच्या गोळ्यासह गोणपाटात बांधून येणारं झाड मात्र वसंतातच लावा, कारण शरदात उपटलेलं बर्च नीट रुजत नाही.

१. पसारापासून गोळ्याच्या तळापर्यंतची उंची काठीने मोजा. वरची जादा माती आधी काढून टाका, मगच मोजा.

२. खड्डा त्याच उंचीएवढा खोल. चिकणमाती असेल तर एक-दोन इंच कमीच. रुंदी मात्र गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट. तळ उकरून भुसभुशीत करू नका. झाड पुढे खचतं आणि पसार पुन्हा मातीखाली जातो.

३. फावड्याने चिकणमातीच्या भिंती गुळगुळीत होतात, कुंभाराच्या चाकावरच्या मडक्यासारख्या. मुळं त्या पार करत नाहीत. खुरप्याने भिंतींना ओरखडे काढा.

४. कुंडी काढा. गोळ्याभोवती गोल फिरलेली मुळं दिसली की धारदार चाकूने चारही बाजूंनी उभे चर द्या आणि तळाचा गुंता कापून टाका. इथे बहुतेकांचा हात थरथरतो. थरथरू देऊ नका. कापलेलं मूळ पुन्हा फुटतं, गोल फिरलेलं मूळ मात्र गोलच फिरत राहतं.

५. गोणपाटातलं झाड असेल तर ते खड्ड्यात उभं केल्यावर खोडाची सुतळी पूर्ण कापा, आणि गोणपाट व तारेची जाळी हात पोचेल तिथपर्यंत कापून बाहेर काढा. गोणपाट कुजतं, पण नायलॉनची दोरी आणि तार कुजत नाही.

६. खड्ड्यावर आडवी काठी ठेवा. पसार काठीच्या पातळीला किंवा बोटभर वर असला पाहिजे. खाली असेल तर झाड उचलून तळाशी माती घाला. आत्ता दहा मिनिटं लागतील. वर्षभराने हेच करायला अर्धा दिवस जाईल.

७. काढलेलीच माती परत भरा. आंबा-चिकूचा खड्डा शेणखत आणि पालापाचोळ्याने भरायचा, हे आपण लहानपणापासून बघत आलोय, म्हणून दुकानातून कंपोस्टच्या पिशव्या आणायचा मोह होतो. इथे तो आवरा. चिकणमातीच्या मधे खताचा मऊ खड्डा केला की पाणी त्यात टाकीसारखं साचतं, आणि मुळं बाहेरच्या कडक मातीत जायला तयारच होत नाहीत. पहिल्या वर्षी रासायनिक खतही नको.

८. अर्धी माती भरली की पाणी सोडा, ते जिरू द्या, मग उरलेली भरा. पायाने तुडवू नका.

९. गोळ्याच्या कडेवर तीन इंच उंचीचं मातीचं आळं करा आणि सावकाश १०-१५ गॅलन पाणी द्या.

आधाराच्या काठ्या झाड खरोखर डुलत असेल तरच. पट्टा रुंद आणि सैल हवा, आणि बरोबर एका वर्षाने सोडायचा. फोनमध्ये आज तारीख घालून ठेवा, कारण विसरलेला पट्टा खोडात रुततो.

टप्पा ५ : मल्च

लाकडाच्या चिप्सचं किंवा सालीच्या तुकड्यांचं आच्छादन तीन इंच जाडीचं, आळ्यापासून बाहेर निदान तीन फुटांपर्यंत. पुढे झाड वाढेल तसा हा घेर वाढवत न्या. लॉनचं गवत मुळांच्या तोंडचं पाणी पळवतं, म्हणून जेवढं गवत मागे हटेल तेवढं झाड सुखात. शिवाय गवत नसेल तर मशिन आणि ट्रिमर बुंध्यापर्यंत येतच नाहीत. बर्चची साल पातळ असते, ट्रिमरची दोरी एकदा फिरली की जखम होते.

खोडाला मल्च टेकता कामा नये. चारही बाजूंनी हाताच्या पंजाएवढी जागा मोकळी ठेवा, आकार मेदूवड्यासारखा : कड उंच, मधे खळगा. आजूबाजूच्या घरांपुढे दिसणारे शंकूसारखे ढीग बघून तसं करू नका. ढिगाखाली साल कायम ओली राहून कुजते, आणि मुळं वर येऊन खोडाभोवती फिरायला लागतात.

सावधान : लॉनवर टाकायची तणनाशक घातलेली खतं या घेरापासून लांब ठेवा. त्यांतल्या डायकँबासारख्या औषधांना तुमचं झाड आणि डँडेलियन यांतला फरक कळत नाही, दोन्ही रुंद पानांची.

टप्पा ६ : पाणी

सर्वांत जास्त झाडं याच टप्प्यावर जातात, आणि तीही पाणी देणाऱ्यांची.

लॉनचा स्प्रिंकलर रोज १५ मिनिटं चालतो. त्याने वरची इंचभर माती भिजते, गवत खूश राहतं, आणि दुपारपर्यंत तेवढंही उडून जातं. बर्चला पाणी कमी वेळा, पण सावकाश आणि खोल लागतं.

पहिले दोन आठवडे रोज किंवा दिवसाआड, थेट मुळांच्या गोळ्यावर. त्यानंतर तीन महिने दर दोन-तीन दिवसांनी. मग झाड रुजेपर्यंत आठवड्यातून एकदा. दोन इंच जाडीच्या झाडाला आठवड्याचं मिळून १५ ते २० गॅलन धरा, पाऊस झाला तर त्यातून वजा करा. मी पाच गॅलनच्या दोन बादल्या वापरते. तळाच्या कडेला ड्रिलने दोन बारीक भोकं पाडलेली आहेत. बादली आळ्यात ठेवायची, भरायची आणि आपल्या कामाला लागायचं. पाणी झिरपत राहतं, वाहून जात नाही. नळी सोडून दिली की मीटिंगमध्ये विसरायला होतं, बादलीचं तसं नाही. तिच्यात मावेल तेवढंच पाणी जातं.

पाणी पुरलं का, हे कॅलेंडरवरून ठरवू नका, मातीला विचारा. लांब स्क्रूड्रायव्हर आळ्यात खुपसा. सहा-आठ इंच सहज गेला तर ओल आहे. दोन इंचांवर अडला तर माती कोरडी आहे. मग त्याच खोलीची मूठभर माती काढून दाबा. गोळा झाला, बोटाने टिचकी मारताच फुटला आणि हाताला पाणी लागलं नाही, तर वाफसा आहे, आज पाणी नको. हात ओला झाला, मातीला आंबूस वास आला, तर पाणी जास्त होतंय. न्यू जर्सीच्या चिकणमातीत खड्डा हौदासारखा भरून राहतो. कोमेजलेली पानं बघून त्यातच आणखी पाणी ओतलं की मुळं गुदमरतात. म्हणून पान झुकलेलं दिसलं तर आधी स्क्रूड्रायव्हर, मग नळ.

झाड रुजल्यावरही जबाबदारी संपत नाही. पाऊस धरून आठवड्याला एक इंच पाणी मिळतंय का ते बघा. फांद्यांच्या घेराखाली एक रिकामा ट्यूनाचा डबा ठेवला तर स्प्रिंकलरने आणि पावसाने किती भरला ते लगेच कळतं. कोरड्या पंधरवड्यात नळी बारीक धारेवर सोडून फांद्यांच्या कडेखाली जागा बदलत फिरवा. पाणी शोषणारी मुळं तिथे असतात, खोडाशी नाही.

जुलैच्या उकाड्यात रिव्हर बर्च आतली पानं पिवळी करून गाळतं. घाबरून खत टाकू नका. कमी पाण्यात भागवायची ही त्याची पद्धत आहे. माती तपासा, कोरडी असेल तर खोल पाणी द्या, आठवडाभरात गळती थांबते.

आणि ऑक्टोबरमध्ये बादल्या गॅरेजमध्ये जातात, ती शेवटची चूक. पानं गळली तरी जमीन गोठेपर्यंत मुळं जागी असतात. पाऊस नसेल तर थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत, आठवड्याला एकदा पाणी चालू ठेवा.

भारतात सहा आठवडे जाणार असाल तर जून-जुलै टाळा, निदान पहिल्या दोन उन्हाळ्यांत. टाळता येत नसेल तर बादल्यांचं काम शेजाऱ्याला प्रत्यक्ष दाखवून जा. "जरा बघाल का" एवढ्या बोलण्यावर झाड जगत नाही.

टप्पा ७ : छाटणी

१ मे ते १ ऑगस्ट बर्चला कात्री लावायची नाही. खोडकिड्याची मादी याच दिवसांत उडते आणि ताज्या जखमेच्या वासावर येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापलं तर रस ठिबकत राहतो. त्याने झाड मरत नाही, पण चिकचिक होते. उत्तम वेळ नोव्हेंबर-डिसेंबर, पानं गळल्यानंतर.

पहिली तीन-चार वर्षं फक्त मोडलेली, वाळलेली आणि एकमेकींवर घासणारी फांदी काढा. खालच्या फांद्या बघायला आडदांड वाटतात, पण त्या खोडावर आणि मुळांवर सावली धरतात. त्या हळूहळू, वर्षाला एक-दोन करत वर न्या. एका वर्षात हिरव्या फांद्यांचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग काढू नका. शेंडा कधीच छाटू नका.

जाड फांदी तीन कापांत उतरवा : खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धा काप, त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण, आणि राहिलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर. कडं शाबूत राहिलं की जखम आपोआप मिटते. रंग, डांबर काही लावू नका.

टप्पा ८ : किडा ओळखणं

रिव्हर बर्च असेल तर हा टप्पा वाचून सोडून दिलात तरी चालेल. घर विकत घेतानाच अंगणात पांढरं बर्च आलं असेल तर मात्र नीट वाचा.

किडा वरून खाली येतो. आधी शेंड्याची पानं विरळ होतात, मग शेंड्याच्या फांद्या वाळतात. नंतर फांद्यांच्या सालीवर नागमोडी उंचवटे उठतात, कारण खाली अळीने बोगदे केलेले असतात आणि झाड ते भरून काढायचा प्रयत्न करत असतं. शेवटी प्रौढ किडा बाहेर पडतो तिथे भोक दिसतं. ज्वारीच्या दाण्याएवढं, एक बाजू सपाट आणि एक गोल, इंग्रजी डी अक्षरासारखं. भोवती कधी तांबूस डाग असतो. ही भोकं उंचावर असतात, म्हणून दुर्बिणीने किंवा फोनचा कॅमेरा झूम करून बघा.

तपासणी : भोकं आडव्या सरळ ओळीत, एकसारख्या अंतरावर असतील तर तो किडा नव्हे. सॅपसकर नावाचा सुतारपक्षी रस प्यायला अशी टोचणी करतो. त्यासाठी औषध लागत नाही.

निम्म्याहून कमी शेंडा वाळला असेल तर झाड वाचू शकतं. टप्पा ५ आणि ६ तातडीने सुरू करा, वाळलेल्या फांद्या हिवाळ्यात काढा, आणि आयएसए या वृक्षतज्ज्ञांच्या संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांच्या जाणकाराला, बोलवा. खोडात इंजेक्शनने औषध देता येतं. मातीतून द्यायची इमिडाक्लोप्रिडसारखी औषधंही आहेत, पण ती मधमाश्यांना घातक आहेत, आणि न्यू जर्सीसकट काही राज्यांनी त्यांच्या घरगुती वापरावर बंधनं घातली आहेत. स्वतः डबा आणून ओतायच्या भानगडीत पडू नका.

काही गोष्टी दिसायला वाईट पण निरुपद्रवी असतात. मे महिन्यात रिव्हर बर्चची पानं पंख्यासारखी चुण्याचुण्यांची होतात, तो मावा आहे, उन्हाळ्यात आपोआप जातो. पांढऱ्या बर्चच्या पानांवर तपकिरी फोड येतात, ती पान पोखरणारी अळी आहे. सशक्त झाडाला तिने काही होत नाही. सप्टेंबरपासून नर हरणं मात्र कोवळ्या खोडावर शिंगं घासतात आणि एका रात्रीत साल सोलून टाकतात. खोडाभोवती चार-पाच फूट उंचीची जाळी लावा, ती खोडापासून थोडी लांब ठेवा, आणि वसंतात काढा.

सालीबद्दल एक काकुळतीची विनंती. भारतातून आई-बाबा आले की झाडाजवळ जातात, पापुद्रा हातात घेतात आणि म्हणतात, "अगं, हे तर भूर्जपत्र!" त्यावर श्री लिहायची हौस मलाही आहे. पण झाडाला चिकटलेली साल ओढू नका, मुलांनाही ओढू देऊ नका. बाहेरचा सुटा पापुद्रा वेगळा आणि आतली जिवंत साल वेगळी. ओढताना आतली साल निघाली तर तिथे काळा डाग कायमचा राहतो, आणि खोडाभोवती पूर्ण कडं सोललं गेलं तर झाड मरतं. वाऱ्यावादळानंतर खाली पडलेले तुकडे गोळा करा, दोन जाड पुस्तकांमध्ये आठवडाभर दाबून ठेवा, त्यावर हवं ते लिहा.

निम्म्याहून जास्त शेंडा वाळला असेल तर त्या झाडावर पैसे घालू नका, तोडून घ्या. तोडायची वेळ हिवाळा. लाकूड फायरप्लेससाठी गॅरेजच्या मागे रचून ठेवायची पद्धत आहे, ती इथे नको. अळ्या त्या लाकडात जिवंत असतात आणि मेच्या अखेरीस त्याच ढिगातून किडे बाहेर पडून पुढच्या बर्चवर जातात. एप्रिल संपायच्या आत सगळं लाकूड जाळून टाका किंवा चिपरमधून, म्हणजे लाकडाचा चुरा करणाऱ्या मशिनमधून, काढून घ्या. बुंधा जमिनीखालपर्यंत घासून काढायला सांगा, आणि त्याच जागी दुसरं बर्च लावायचं मनात असेल तर येत्या जूनमधल्या शनिवारी पुन्हा नऊ, एक आणि पाचला तिथे जाऊन उभं राहा.